पेट्रोलच्या झाकणावरची हळद

आमच्या बोटीची मोटर मी बिघडवली. तोंडाने सांगायचं धाडस नाही, म्हणून लिहून ठेवते. (माझं शिक्षण चौथीपर्यंत. एवढं लिहायला तेवढं पुरतं.)

आमचे हे बस डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाले आणि अंबरपेठेच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांनी नवा डेपो उघडला. पहिल्याच आठवड्यात माझे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले. साखर मला चार दिवस सापडली नाही. मग हातात घड्याळ धरून पोळ्या मोजू लागले. एका पोळीला किती सेकंद लागतात आणि त्यातले किती मी वाया घालवते, याचा हिशेब मला रोज जेवताना ऐकायला मिळे. मी मुळात लाजरी. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, आणि हे एकटेच चार माणसांना भारी.

मग यांनी आणि धाकट्या भाऊजींनी मिळून एक जुनी बोट घेतली आणि तिच्या मागे लावायची छोटी पेट्रोलची मोटर आणली, तेव्हा मी देवापुढे नारळ फोडला. शहराबाहेरच्या तलावावर लोकांना फिरवायचं, सकाळी जायचं, दिवेलागणीला यायचं. तलावाच्या साहेबांची अट एकच होती. त्यांच्यासमोर बोट पलीकडच्या काठाला जाऊन मध्ये न रखडता परत आली पाहिजे. आली तर परवाना. नाही आली तर हे घरी, कायमचे!

त्यातच दसरा आला. आपल्याकडे त्या दिवशी विळीकोयत्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग मोटर कशी सोडायची? एवढा मोठा उपकार करणारी वस्तू! मी हळदकुंकू कालवून तिला अगदी नवरीसारखी नटवली. सगळ्यात जाड लेप दिला तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर, कारण त्याच्या मधोमध एक बारीक भोक होतं आणि हळद त्यात छान बसत होती.

दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात गेली, सात-आठ मिनिटं चालली, दमेकऱ्यासारखी खोकली आणि बंद पडली.

यांनी प्लग काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पेट्रोल आहे का ते बघायला टाकीचं झाकण उघडलं, बंद केलं आणि दोरी ओढली. लगेच सुरू! "प्लगच होता," हे म्हणाले. सात-आठ मिनिटांनी पुन्हा तेच. आता भाऊजींनी कार्बोरेटर खोलला, फुंकला, बसवला, आणि त्यांनीही पेट्रोल बघायला झाकण उघडलं, लावलं. सुरू! "दादा, प्लग नव्हता," भाऊजी म्हणाले. त्यावरून दोघे भाऊ दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी गौलीगुड्याचे एक म्हातारे मिस्त्री बोलावले. मीही डबा घेऊन गेले होते. मिस्त्रींनी नळी बदलली, जाळी बदलली, पंख्यात अडकलेलं शेवाळ काढलं. "अब परेशान नक्को होओ साब," म्हणत त्यांनीही पेट्रोल बघायला झाकण फिरवलं.

फुस्स! असा आवाज झाला.

माझ्या हातातला डबा सुटता सुटता राहिला. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेल ओतायला आणि एक वारा आत जायला. एकच पाडलं तर तेल गुटक् गुटक् करून अडतं. या मोटरीचं वाऱ्याचं भोक मी हळदीनं लिंपलं होतं! झाकण उघडलं की वारा आत जाई, म्हणून ती दर वेळी सुरू होई. आणि तीन-तीन शहाण्यांनी अख्खी मोटर धुतली, पुसली, घासली, पण झाकणाला कुणी फडकं लावलं नाही. पूजेचं हळदकुंकू पुसणार कोण?

मी यांच्याजवळ गेले. "अहो, त्या झाकणाचं..."

"चौथीत इंजिन शिकवतात का?" हे म्हणाले. भाऊजी हसले. दोन दिवसांनी भावाभावांचं पहिल्यांदा पटलं ते माझ्यावर.

तेवढ्यात साहेब आले. बोटीत थोडं वजन पाहिजे म्हणाले आणि माझ्याकडे बघून, "मीरू कूर्चोंडम्मा," म्हणजे तुम्ही बसा. मला नाही म्हणता येत नाही. बसले, टाकीच्या शेजारीच.

तलावाच्या मध्यावर मोटर खोकू लागली. हे भाऊजींना बोलू लागले, भाऊजी प्लगला. काठावर साहेब डोळ्यांवर हात धरून बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे बोट नव्हतीच. उंचीप्रमाणे लावलेले डबे होते. मी बांगडीची सेफ्टीपिन काढली, पदर पुढे ओढला, आणि पदराखालून झाकणाच्या भोकात खुपसली. हळदीचा खडा निघाला. मोटरीनं दीर्घ श्वास घेतला. त्याच क्षणी यांनी तिला एक चापट मारली आणि ती अशी पळाली की पलीकडचा काठ गाठून परत येईपर्यंत एकदाही कण्हली नाही!

साहेबांनी सही केली. घरी आता मी आणि माझे डबे, या विचारानं मला रडू आलं. ते आनंदाचं होतं, हे कुणाला कळलं नाही.

हे मात्र विचारात पडले होते. "इतके दिवस रखडली," ते हळूच म्हणाले, "आणि आज ही बसली तर धावली."

"भाभी का पाँव मुबारक है साब," मिस्त्री म्हणाले. म्हणजे माझा पायगुण!

तिथंच एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. पण ते वाक्य 'झाकणावर मी' असं सुरू होत होतं. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजले.

तेव्हापासून रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी नारिंगी जाकीट घालून बोटीच्या पुढच्या फळीवर बसते आणि कसं बसायचं याच्या सूचना ऐकते. शेजारीण म्हणते, वहिनी, तुमच्या घरात हल्ली किती शांत असतं. असेल बाई. मी बघितलेलं नाही.