निधी कुणाची?

आमच्या गल्लीतल्या शिवणकाकूंची जीभ मशीनपेक्षा भरभर चालते. त्यांच्या सासूबाईंना धड ऐकू येत नाही, त्यामुळे काकू त्यांच्यासमोर बसून वाट्टेल ते पुटपुटतात आणि सासूबाई समाधानाने मान डोलावतात. पण दुकानात गिऱ्हाइकं हसली की म्हातारीही उगाच हसते, तेवढं मात्र काकूंना बघवत नाही. कानाचं यंत्र हवं होतं, पण ते परवडत नव्हतं.

गावाने स्वतःचा निधी उभा केला होता. ज्याला जमेल ते त्यात टाकायचं आणि कुणाची नड भागवायची ते पाच जणांनी ठरवायचं. त्यातून दवाखान्यात बाक आले, शाळेत नळ आला. काकू त्या पाचांतल्या, आणि नियम असा की पाचांपैकी कुणी आपल्या घरासाठी मागायचं नाही. झाली पंचाईत!

घरात नवराबायकोची रोज तीच वादावादी. अर्धंमुर्धं ऐकून सासूबाईंनी मनाशी काहीतरी जुळवलं, आणि एका दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत पाचांची बैठक चालू असताना काठी आपटत त्या आत आल्या.

"कुठाय ती निधी?"

काकूंनी खुर्ची पुढे केली, पण त्या उभ्याच.

"सून म्हणते, निधी आपल्या घरात आणता येत नाही. का नाही? पोर कुणाची का असेना! माझ्या खोलीत झोपेल."

बेकरीवाले दादा त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "आजी, निधी म्हणजे पैसे!"

"मग पैशाला मुलीचं नाव कशाला ठेवलंत, मेल्यांनो?"

हसताहसता दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "घरच्यांना मागता येत नाही ना? मग मी मागतो. आजींना यंत्र द्या, नाहीतर उद्या या निधीचं लग्न ठरवतील!"

नियमाप्रमाणे काकू बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडात कोंबून. आत चार हात वर झाले. दादांनी कानाशी ओरडून सांगताच सासूबाईंनी बजावलं, "फुकट नको. सुनेच्या चिंध्यांची पायपुसणी करून देईन, ती विका."

यंत्र बसलं त्या संध्याकाळी काकू मशीनवर वाकून सवयीने पुटपुटल्या, "आता महाराणींना चहा हवा असेल."

मागून खणखणीत आवाज आला, "हवाय! आणि तुझ्या त्या निधीलाही विचार."