खाचेतलं कुंकू

चिनू, मीरा,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसत म्हणालात, "आजी, आत्याआजीने झाकण नीट न लावता ते मशीन बुडवलं ना?" आणि मी फोन ठेवून दिला. नेटवर्क गेलं नव्हतं. मला राग आला होता. तुमच्यावर नाही, तुम्ही ऐकलं तेच बोललात. पण ती गोष्ट सोलापुरात बोलून बोलून लोकांनी खरी केली, आणि आता ती तुमच्यापर्यंत पोचली. शकूवन्सं यंदाच्या पौषात गेल्या. मशीन बुडालं त्या दिवशी त्यांच्यासोबत घरातली मी एकटीच होते. म्हणून आता नीट, क्रमाने सांगते.

शकूवन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. तलावावर मुलींना पोहायला शिकवायच्या. आवाज असा की पलीकडच्या काठावरची मुलगीसुद्धा दचकायची. "पाय मार की गं! पोहायलीस का भाकऱ्या थापायलीस?" शिकलेल्या मुली आता आया झाल्या आहेत आणि आपल्या मुलींवर अगदी तसंच ओरडतात.

तुमच्या बाबांनी त्यांना पाण्याखाली धातू शोधायचं यंत्र पाठवलं, तेव्हापासून घरात कुणाचं काही खरं नव्हतं. लांब दांडा, टोकाला ताटलीसारखी चकती, वर बॅटरीची डबी. त्या डबीच्या झाकणाखाली एका खाचेत काळी रबरी रिंग बसते. पाणी अडवते ती तेवढीच. ती साफ करायची वेळ आली की वन्सं केस फडक्यात घट्ट बांधत, पंखा बंद करत आणि आम्हाला दिवाणखान्यातून हाकलत. एकदा तुमचे आजोबा पेपर घेऊन बसून राहिले. "शकूताई, मी काय करतोय तुझं?" "श्वास घेतोस. बाहेर जाऊन घे."

रिंग काढायला सुई कधीच नाही, बांबूची बोथट काडी. मग रिंग चिमटीतून हळूहळू फिरवायची, कुठे चीर किंवा कण लागतो का बघायचं. कापूस चालत नसे, त्याचे तंतू राहतात. शेवटी सिलिकॉनचं ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर. मी एकदा जास्त लावलं तर म्हणाल्या, "सुमन, शिऱ्यावर तूप सोडायलीस काय? नुसती चकाकी दिसू दे." झाकण लागलं की बॅटरीशिवाय डबी बादलीत बुडवून बुडबुडे बघायचे, मग उघडून आत कोरडं आहे का बघायचं. हे सगळं प्रत्येक वेळी. मी कंटाळून "रामाचं नाव घ्या आणि लावा आता" म्हटलं, तर डोळे वटारून म्हणाल्या, "झाकण लावताना देवाचं नाव घ्यायचं नसतं. खाचेत बघायचं असतं."

त्या यंत्रावर त्यांनी विहिरीत पडलेल्या किल्ल्या काढल्या, पंपाचे भाग काढले, एका नव्या नवरीची जोडवी काढली. म्हणूनच जेऊरकडच्या एका गावातून बोलावणं आलं. धरणाच्या फुगवट्यात देवाला स्नान घालताना चांदीचा मुखवटा हातातून निसटला होता. आम्ही दोघी रेल्वेने गेलो. देवस्थानचे प्रमुख दादासाहेब यांच्याकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, अवजारं पुजायचा दिवस.

सकाळी वन्संनी ओसरीवरच सगळं केलं. रिंग, ग्रीस, बादली, बॅटरी, झाकण. मी समोर बसले होते. मग आम्ही आत चहाला गेलो. बाहेर आलो तर यंत्र नाही. ते देवळात होतं. दांड्याला झेंडूची माळ, चकतीवर हळदीकुंकू, शेजारी फोडलेला नारळ.

"झाकण कुणी उघडलं?" वन्संनी डबीकडे बघत विचारलं.

"आमीच की," दादासाहेब खुशीत म्हणाले. "ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून इंजिनची पूजा करतोच की आमी. हितं बॅटरीच इंजिन. तिलाबी कुंकू, अक्षता वाहिल्या."

झाकणाच्या सांध्याशी बारीक लाल रेघ दिसत होती. वन्सं शांत आवाजात बोलल्या, आणि त्यांचा शांत आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. "हे पाण्यात जाणार नाही. रिंग काढून धुते, वाळवते, पुन्हा बादलीत बघते. दुपारी जाऊ."

"बाई, मुहूर्त जातोय. सगळा गाव काठावर उभा हाय."

"गाव उभा राहू दे. पाण्याला तुमचा मुहूर्त ठाऊक नाही."

मीही म्हटलं, की त्यांचं ऐका, आत पाणी शिरेल. दादासाहेब हसले. "तुमी शिकलेल्या बाया लई भिता." आणि त्यांनी यंत्र वन्संच्या हातातून ओढून घेतलं. हो, ओढून. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातातून.

त्यांनी ते एका पोहणाऱ्याकडे दिलं. तो कमरेएवढ्या पाण्यात गेला, मग गळ्याएवढ्या. एका जागी यंत्र जोरात वाजलं आणि वाजता वाजताच बंद पडलं. वन्संनी काठावरून बोट दाखवलं, "तिथंच बुडी मार! हलू नकोस!" त्याने बुडी मारली आणि मुखवटा घेऊन वर आला. "देव पावला!" सगळे ओरडले. गुलाल उधळला. वन्संनी ओलं यंत्र मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आतून लाल पाणी आलं. रिंगेखाली अक्षतेचा अर्धा दाणा चिकटलेला होता. काठावरच्या प्रत्येकाने तो पाहिला.

आणि दादासाहेब म्हणाले, "वय झालं की व्हतं असं. बाईंनी झाकण नीट लावलं न्हाय."

एकही माणूस बोलला नाही! मी बोलले, मोठ्याने, पण हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

मुखवटा सापडला तो देवामुळे, यंत्र बुडालं ते वन्संमुळे. ही वाटणी आमच्या आधी सोलापुरात पोचली. पुढच्या उन्हाळ्यात तलावावरच्या मंडळींनी वन्संना हार घातला, शाल दिली आणि सांगितलं, "मॅडम, आता विश्रांती घ्या." मागे कुणीतरी कुजबुजलं, साधं झाकण लावता येत नाही, मुलींकडे कसं लक्ष देणार? वन्संना ते ऐकू गेलं. त्यांनी शाल तिथेच खुर्चीवर ठेवली आणि घरी आल्या. पुन्हा त्या पाण्याकडे गेल्या नाहीत. तुमचे बाबा दुसरं यंत्र पाठवतो म्हणाले, तर "नको" एवढंच म्हणाल्या. माझा राग तिथून उठतो तो अजून बसलेला नाही, आणि बसावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या बंद यंत्राची रिंग मात्र शेवटपर्यंत त्या काढत, पुसत, ग्रीस लावत राहिल्या. खाच पुसत नसत. मी एकदा फडकं घेऊन पुढे झाले, तर पूर्वीच्या तलावावरच्या आवाजात ओरडल्या, "हात लावशील तर बघ! ते राहू दे की तिथं."

यंत्र माझ्या कपाटात आहे. ते चालत नाही. रबर अजून मऊ आहे, आणि खाचेतलं कुंकू तसंच लाल आहे.