साडूंची बिनइंजिनाची गाडी

वस्तू पसंत करण्याच्या बाबतीत आमच्या साडूंच्या तोडीचा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे चाळले तरी सापडणार नाही, आणि सापडू नये अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे. एकाच माणसानं माझी छाती इतकी वर्षं धडधडत ठेवली आहे, दुसरा झेपणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. तासगावपासून सहा किलोमीटरवर द्राक्षांच्या मळ्यांत त्यांची वस्ती. घराला लागून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये जळालेल्या मोटारी. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या गावांतली माणसं ती ट्रॅक्टरमध्ये घालून त्यांच्याकडे आणत, आणि साडू तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरून देत. या वाइंडिंगच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तारेत वीज आहे की नाही हे बघायला सगळं जग टेस्टर वापरतं, साडू उलट्या हाताची बोटं लावत आणि डोळे मिटून सांगत, "हाय, पर दम न्हाई." हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळलो होतो. बायको शांतपणे म्हणाली, "दाजी असंच करतात. तुम्ही चहा घ्या."

खरं तर मला माझ्या लग्नातच सावध व्हायला हवं होतं. चौथं मंगलाष्टक चालू असताना लाऊडस्पीकर बंद पडला, पंखे थांबले आणि मांडवात एकदम शांतता पसरली. काय झालं कुणाला कळेना. पाच मिनिटांनी सगळं पुन्हा सुरू झालं आणि मांडवाच्या मागून कोपरापर्यंत काळे झालेले साडू नव्या धोतराला हात पुसत आले. जनरेटरचा आवाज त्यांना पसंत नव्हता. "कार्बन झिजला हुता. आता ऐका कसा गातुय," असं ते मला, म्हणजे अंतरपाटामागे हार घेऊन उभ्या असलेल्या नवरदेवाला, सांगत होते. मी ऐकलं. दुसरं काय करणार?

खरेदीला निघाले की तर त्यांच्या अंगात वेगळंच बळ येई. चप्पल घ्यायची तर ती पायात घालून ते दुकानातून थेट एस. टी. स्टँडपर्यंत जात, चढावर चालत, उतारावर चालत, आणि मागून दुकानदार "अहो पाव्हणं, अहो पाव्हणं" करत पळत येई. पंखा घेताना त्यांनी दुकानात पंख्याखाली सतरंजी मागून घेतली आणि दोन तास झोप काढली. उठून म्हणाले, "झोप लागली, पर गाड न्हाई. दुसरा दावा." दुकानदारानं दुसरा दाखवलाही. साडूंच्या चेहऱ्यावर इतका निष्पाप भाव असे की समोरच्याला आपणच काहीतरी लपवतोय असं वाटायला लागे. बैल घेताना माणूस दात बघतो, खांदा चाचपतो, दोन दिवस आपल्या दावणीला बांधून जुंपून बघतो. साडूंचं म्हणणं एवढंच होतं की जी रीत बैलाला, तीच सगळ्याला.

अशा माणसावर पोरीसाठी गाडी पसंत करायची वेळ आली. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. साडूंची एकुलती एक लेक सुवर्णा दहावीला असे काही मार्क मिळवून बसली की शाळेचे हेडमास्तर पेढे घेऊन वस्तीवर आले. दहावीपर्यंतची शाळा शेजारच्या गावात, चालत जाण्यासारखी होती. आता सायन्सला तासगावात जायचं. वस्तीपासून मळ्यांमधून कच्ची वाट, मध्ये ओढा, ओढ्यापलीकडे बेदाण्याच्या शेड आणि मग कुठे डांबरी सडक, तिथे एस. टी. थांबली तर थांबली. अक्कांनी सरळ सांगून टाकलं, "कॉलेज सुरू व्हायच्या आत तिला चालवता येईल अशी गाडी आणा, न्हाईतर पोरगी सांगलीला मावशीकडं ऱ्हाईल." मावशी म्हणजे माझी बायको. आम्हाला तर आनंदच होता. पण साडूंचा चेहरा असा उतरला की मला तिथे बसवेना. पोरीला त्यांनी एक रात्रही कधी दुसरीकडे ठेवली नव्हती.

मग सांगलीच्या शोरूमच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि सरकारी कचेरीतली माझी सगळी किरकोळ रजा त्यात गेली. पहिल्याच शोरूममध्ये साडूंनी मोपेडला दोन प्रदक्षिणा घातल्या, टायर दाबले, सायलेन्सरला नाक लावून वास घेतला आणि मग खांद्यावरचा टॉवेल काढून विक्रेत्याच्या हातावर टाकला. टाय लावलेला तो पोरगेला विक्रेता बावरून टॉवेलाकडे बघत राहिला. साडूंनी टॉवेलाखाली त्याची बोटं धरली. बाजारात हळदीचा सौदा असाच रुमालाखाली बोटं दाबून होतो हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तो लाजेनं लालबुंद झाला, काउंटरमागची मुलगी हसायला लागली आणि मी दाराबाहेर जाऊन रस्त्यावरच्या बसचे नंबर वाचत उभा राहिलो.

दुसरी गाडी त्यांनी आडवी पाडली. मुद्दाम. "पोरगी पडली तर हिला उचलता आली पायजे," असं म्हणून शोरूमच्या फरशीवर आडव्या पडलेल्या त्या कोऱ्या गाडीपाशी त्यांनी माझ्या बायकोला बोलावलं आणि "उचला बगू, मेव्हणीबाई," असं फर्मावलं. तिसरीचा ब्रेक जास्त लागत होता, चौथीचा कमी. पाचवीचा रंग बघून म्हणाले, "ह्या रंगाला म्हशी बुजत्यात." सहावी त्यांनी गावातल्या एका मास्तरांकडून दोन दिवसांच्या बोलीवर वस्तीवर आणली. मग सुवर्णाला तासगावच्या अडतीत नेऊन बेदाण्याच्या काट्यावर उभं केलं, तिच्या वजनाचा बेदाणा पोत्यात भरला, पोतं सीटवर बांधलं आणि गाडी उतारावरून ओढ्यात सोडून दिली. गाडी ओढ्यात गेली आणि तिथेच बसली. बेदाणा भिजला. मास्तरांना कळलं तेव्हा ते भर दुपारी अनवाणी पळत आले म्हणतात. मी तेव्हा तिथे नव्हतो, आणि त्याबद्दल मी आजही स्वतःला भाग्यवान समजतो. साडूंनी गाडी पूर्ण खोलून, वाळवून, पहिल्यापेक्षा चांगली करून दिली, पण मास्तर पुढे कित्येक महिने त्यांना बघितलं की गाडी हातानं ढकलत दुसऱ्या वाटेनं जात.

कॉलेज सुरू व्हायला आठवडा राहिला. आमच्या घरी सुवर्णासाठी कॉट आली. आणि आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर साडूंचा निरोप आला, "गाडी मिळाली. बगायला या."

मी गेलो. अंगणात जे उभं होतं ते बघून माझ्या हातातली पिशवी गळून पडली. भंगारातल्या मोपेडचा सांगाडा, त्याला फटफटीचे दातेरी टायर, पायाशी लाकडी खोक्यात ट्रॅक्टरची बॅटरी आणि मागे, इंजिनाच्या जागी, जुन्या जीपचा डायनामो. साडूंनी त्याच्या आर्मेचरचं, म्हणजे आत फिरणाऱ्या गाभ्याचं, वाइंडिंग सोडून पुन्हा भरलं होतं आणि त्याचा मोटारीसारखा उपयोग केला होता. वीज गाडीतून काढायची सोडून वीज घालून गाडी पळवायची! "आवं साडू, पेट्रोलचं काम भडक्याचं," ते म्हणाले. "ही कशी गरीब हाय बगा." मी विचारलं, पोलिसानं अडवली तर? "गाडीला इंजिनच न्हाई. आडवंल कशापाई?" आणि सुवर्णा खरंच त्या गाडीवर बसली, बटण दाबलं आणि जराही आवाज न करता अंगणातून, कोंबड्यांमधून, मळ्याच्या वाटेला लागली. माझा विश्वास बसेना. अक्कांनी डोळ्याला पदर लावला. आमची कॉट दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना दिली.

फक्त एक गोष्ट साडूंनी सांगितली नव्हती. गाडीचा वेग त्यांनी वाइंडिंग करतानाच ठरवून टाकला होता. डायनामोत तारेचे टर्न जास्त भरले की तो हळू फिरतो, आणि साडूंनी टर्न असे मोजून भरले होते की गाडी त्यांच्या सायकलीच्या पुढे एक हातभरही जाऊ नये. कारण ते रोज बरोबर जाणार होते. सकाळी सुवर्णा निघाली की टोपी घट्ट बसवून साडू सायकलीवर, थेट कॉलेजच्या फाटकापर्यंत. संध्याकाळी प्रॅक्टिकल सुटायच्या आधी पुन्हा फाटकापाशी हजर. ओढा आला की "सावकाश, सुवर्णे", ट्रॅक्टर आला की "कडंनं, सुवर्णे", आणि हे इतक्या खणखणीत आवाजात की दोन्ही बाजूंच्या मळ्यांतल्या बायका काम सोडून बघत. कॉलेजातली पोरं या मिरवणुकीची वाट बघत फाटकाशी उभी राहू लागली.

दिवाळीनंतर सुवर्णा अक्कांबरोबर दिवसभरासाठी आमच्याकडे आली होती, तेव्हा मला एकट्याला गाठून म्हणाली, "काका, आप्पांना सांगा. सोमवारपासून ते सायकल घेऊन आले तर मी इथं सांगलीला येऊन राहीन. खरंच येईन." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता. हा निरोप घेऊन मी रविवारी वस्तीवर गेलो. जेवताना विषय काढला. म्हटलं, पोरगी मोठी झाली, तुम्ही रोज तिच्याबरोबर जाता... साडू भाकरी मोडता मोडता थांबले. "मी कुटं जातुय? तीच माज्याबरूबर येती." आणि हसले. ती तुमच्यामुळे घर सोडून चालली आहे, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी भित्रा माणूस आहे, मुकाट्यानं ताक प्यायलो.

रात्री तिथेच राहिलो आणि सोमवारी सकाळी मीही शेजारच्या वस्तीवरची सायकल घेऊन निघालो, वाटेत तरी बोलेन म्हणून. पुढे सुवर्णा, तिच्या उजव्या हाताला साडू, मागे मी. ओढा पार झाला. बेदाण्याच्या शेडपाशी सरळ वाट लागली, आणि सुवर्णानं एकदा वडिलांकडे बघितलं. पुढच्या क्षणी ती आमच्यात नव्हती. गाडी अशी सुटली की साडूंनी तीनदा पायडल मारेपर्यंत ती शेडच्या पलीकडे पोचली. "सुवर्णेऽ!" साडू सीटवरून उठून पायडल मारायला लागले, टोपी उडाली, धोतराचा सोगा चेनमध्ये गेला आणि ते सायकलीसकट वाटेवर आडवे झाले. उठले आणि पळत सुटले. मीही ओरडत होतो, काय ते मला आठवत नाही. वायर जळाली असेल, बटण अडकलं असेल, पोरगी आता सडकेवर ट्रकखाली जाणार, असं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आम्ही सडकेपर्यंत पळालो. सडकेवर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "व्हय, गेली की. हात दावून व्यवस्थित वळली."

साडू घरी परतले. दिवसभर शेडमध्ये बसून राहिले, कामाला हात लावला नाही. अक्का मला म्हणाल्या, "आता ह्यांनी कॉलेज बंद केलं म्हणून समजा." माझीही तीच खात्री होती. संध्याकाळी सुवर्णा एकटी आली. गाडी उभी केली आणि दप्तर छातीशी धरून शेडच्या दारात उभी राहिली. साडूंनी गाडी आत घेतली, पाने काढले, डायनामो खोलला आणि आर्मेचर बाहेर काढलं. चष्मा लावून उजेडात धरलं आणि नखानं एकेक टर्न मोजायला लागले. एकदा मोजले. पुन्हा मोजले. अक्का, सुवर्णा आणि मी बघत उभे होतो.

"किती काढलंस?"

"तीन."

"तार?"

"एका गेजनं जाड घातली. जागा शिल्लक राहत होती म्हणून."

"कवा केलंस?"

"दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही माण तालुक्यात मोटारी आणायला गेला होता तेव्हा. दोन दिवसांत. नंतर बटण सोडत सोडत तुमच्याबरोबर चालवली."

"व्हार्निश?"

"पत्र्यावर वाळवलं. उन्हात."

साडूंनी आर्मेचर पुन्हा फिरवून बघितलं. आयुष्यभर त्यांनी कुठलीही वस्तू एका बैठकीत पसंत केलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी ती माझ्यासमोर धरली. "आवं साडू, बगा जरा. एक तार दुसरीवर चढलीया का? एक तरी? मला ह्ये शिकायला धा वर्सं गेली." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. सुवर्णा रडायला लागली. "आप्पा, मी सांगलीला जाणार नव्हते हो. म्हणून तर केलं." साडूंनी आर्मेचर जसं होतं तसं, तीन टर्न कमी असलेलं, पुन्हा डायनामोत बसवलं, बोल्ट आवळले आणि बॅटरी चार्जिंगला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंची सायकल भिंतीलाच होती. सुवर्णानं वाट पाहिली, गाडीचं हँडल पुसलं, आरसा नीट केला, पुन्हा पुसलं. "जा," साडू म्हणाले, "उशीर हुईल." ती गेली. वळणापर्यंत दिसली, मग द्राक्षांच्या मांडवाआड दिसेनाशी झाली. मी आत जायला वळलो, पण साडू तिथेच उभे होते, मान तिरकी करून, ओढ्याच्या दिशेनं कान देऊन. मी विचारलं, काय ऐकताय?

"फटफटी घेतली आसती तर पार सडकंपतुर आवाज आला आसता," साडू म्हणाले. "आता ती कुटवर गेली, कसं कळायचं?"

मीही त्यांच्याशेजारी उभा राहून ऐकत राहिलो.