विदरमूरचा लोकरकाटा

विदरमूरच्या चहूबाजूंनी नुसतं गवत, आणि गवतात मेंढ्या. पाहण्यासारखं म्हणाल तर एकच काटा उरलेलं चर्चचं घड्याळ, मेंढ्यांचा बाजार भरायचा ते मैदान (तिथे आता कार पार्क), आणि एका खोलीचं म्युझियम. त्या खोलीत पुरुषोत्तमकाका बसायचे. नागपूरच्या बँकेतून रिटायर होऊन विलायतेत मुलाकडे आले, घरात बोलायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून इथे व्हॉलंटियर झाले. लोकर तोलायच्या जुन्या पितळी तराजूशेजारी उभे राहून सांगायचे, "धिस इज नॉट ओन्ली तराजू, धिस इज होल व्हिलेज." ऐकायला बहुतेकदा समोरची भिंत.

कौन्सिलने म्युझियम बंद करायचं काढलं. शेवटची आशा एवढीच, की रविवारी कौन्सिलची हेदरबाई माणसं येतात का ते बघायला येणार होती.

काकांनी जवळच्या ब्रॅकनेल शहरातल्या मराठी ग्रुपवर आमंत्रण टाकलं. खाली लिहिलं, 'तर्री-पोहे मिळतील.'

"अहो, पोहे कशाला? म्युझियम आहे ते," मीनाक्षीकाकू म्हणाल्या.

"मग काय माणसं उपाशी पाठवू? काय बोलून राहिली तू."

रविवारी खोली गच्च. "काका, तर्री एक नंबर हं." "अगं, नर्सरीची फी बघितलीस का, मॅड आहेत हे लोक." "तुझ्या व्हिसाचं काय रे?" कुणीतरी तराजूच्या पारड्यात कागदी प्लेट्सचा गठ्ठा ठेवला. काका खाकरले, "मंडळी, दोनशे वर्षांपूर्वी इथे..."

"काका, शेव संपली का हो?"

हेदरबाईने दोनदा पोहे घेतले. नाक लाल, डोळ्यांत पाणी. "ओऽऽ, इझन्ट धिस लव्हली." काकांना वाटलं, जमलं.

"लोकांना काय हवंय ते आज कळलं," ती म्हणाली. "कम्युनिटी लंच. ही कपाटं उगाच जागा अडवतात. दर महिन्याला कराल ना, प्लीज?"

"अँड तराजू?"

"स्टोअरमध्ये ठेवू. डोन्ट यू वरी."

पुढच्या महिन्यात पुन्हा तोबा गर्दी. काका वाढत होते. रेडिंगहून पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीने विचारलं, "काका, इथे आधी काय होतं?"

"काही नाही," काका म्हणाले आणि पुढची प्लेट भरायला वळले.