लायटरच्या भोकातला चोथा

एसटीत शेजारी कुणी तंबाखू मळायला लागलं, की चुन्याचा तो वास नाकात शिरतो आणि मला सासऱ्यांची जुनी गाडी आठवते. आम्ही कराडहून पाटणला निघालो होतो. गाडीच्या टेपवर मोबाइलमधली गाणी वाजावीत म्हणून मी डॅशबोर्डवरच्या सिगारेट-लायटरच्या भोकात बसणारं ब्लूटूथ आणलं होतं, पण ते काही केल्या आत जाईना. बोट घालून पाहिलं तर आत तंबाखूचा चावलेला चोथा होता, ओला, बुळबुळीत, सासूबाई गाडीत बसायच्या आत सासऱ्यांनी घाईघाईने कोंबलेला. मी झटकन बोट बाहेर काढलं. मागच्या सीटवरून सासूबाई सांगत होत्या, "तोंडाचं आपरेशन झाल्यापास्नं यांनी तंबाखूला हात लावला न्हाई, जावईबापू." गाडी चालवणाऱ्या सासऱ्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गाणं लावा की." मी रुमालाने बोट पुसलं, चोथा काढून भोक पुसलं, ब्लूटूथ बसवलं आणि गाणं लावलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या ऑपरेशनमधून ते उठले नाहीत. त्या चोथ्याची मला अजून शिसारी येते. त्याहून जास्त स्वतःची येते, कारण सासूबाईंना सांगायचं सोडून पाटण येईपर्यंत मी गाण्यांचा आवाज वाढवत बसलो होतो.