एस्पोझितो कुळाच्या पुरोहित सुमतीताई

सुमतीताईंशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या आवाजाशी. इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीला त्यांच्या घरी मी बाथरूमच्या टाइल्स बसवत होतो आणि स्वयंपाकघरात ताई मंत्र म्हणत होत्या. एका जागी अडखळल्या, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं. टाइल सूतभर वाकडी गेली तर उखडणारा मी माणूस. मनात म्हटलं, बाई आपल्या पंथाच्या आहेत.

पुण्यात पौरोहित्य शिकलेल्या ताईंनी इथे आमच्या कित्येक घरांत वास्तुशांती, मुंजी, लग्नं लावली. नर्सिंगवाल्या पोरींना त्या सांगतात, "तुझी शिफ्ट सुटेल तो मुहूर्त."

माझ्या ऋताचं लग्न मार्को एस्पोझितोशी ठरलं. पुण्याहून आलेल्या वहिनींनी चपला काढायच्या आधीच विचारलं, "मुलाचं कुळ कुठलं?" मांडवात गोत्र आणि पूर्वज मोठ्याने सांगतात, हे कळल्यावर मार्कोचे आजोबा, सगळ्यांचे नोन्नो, म्हणाले, "मी बाहेर गाडीत बसेन, मेट." ऋताने मला बजावलं, "बाबा, नोन्नो आत नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही."

मी ताईंना घेऊन नोन्नोंच्या परसात गेलो. नोन्नोंचं इंग्रजी नेपल्सचं, माझं साताऱ्याचं. अडलं काही नाही.

"एस्पोझितो म्हणजे बाहेर ठेवलेला," टोमॅटोच्या रोपांकडे बघत ते म्हणाले. "पोसता न येणारं बाळ लोक अनाथालयाच्या भिंतीतल्या फिरत्या खोक्यात ठेवत. असल्या पोरांना हे आडनाव. म्हणून नेपल्समध्ये दगड भिरकावा, एस्पोझितोलाच लागेल! आमच्यातही असंच कुणीतरी पहिलं. त्याच्या मागे कोण, देव जाणे. ते तुम्ही माइकवर सांगणार?"

"आमच्यातही पुष्कळांना गोत्र ठाऊक नसतं," ताई म्हणाल्या. "त्या सगळ्यांचं काश्यप. कश्यप ऋषींनी कुणालाच परकं म्हटलेलं नाही. माझंही गोत्र तेच."

नोन्नो रोपांवरून ताईंकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्या घरच्या?"

"घरचीच. आता टोमॅटो द्या."

मांडवात ताईंनी काश्यप गोत्र म्हटलं, एस्पोझितो कुळ म्हटलं, मार्कोच्या पणजोबांचं, नोन्नोंचं, वडिलांचं नाव घेतलं. आवाज कुठेही दबला नाही. टोपी हातात घेऊन नोन्नो पहिल्या रांगेत उभे राहिले.

वहिनी कुजबुजल्या, "भावजी, घराणं मोठं दिसतंय!"

"फार मोठं. अख्ख्या नेपल्सभर पसरलंय."

माझे कान तिखट. पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं: "काश्यपा... काश्यप." नोन्नो घोकत होते. चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

ताई आज पंचाहत्तरीच्या झाल्या. ऋताकडे आता बारसं येतंय. त्या पाळण्यावर, आणि पुढे त्या बाळाच्या लग्नातही, एस्पोझितोंचं कुळ ताईंनीच असंच खणखणीत उच्चारावं, तेवढं आयुष्य आणि तसाच आवाज त्यांना लाभो. नोन्नोंनी पहिली रांग आत्ताच सांगून ठेवली आहे.