चार बोटं माया

रत्ना दोरा दातांनी तोडायची. कात्री हाताशी असली तरी. टाचण्या ओठांत धरून बोलायची आणि मध्येच हसायची, म्हणजे समोरच्याचा जीव टांगणीला. चहा बशीत ओतायची आणि विसरायची. नरडाणा स्टेशनवरून गाडीची शिट्टी आली की मशीनवरचे पाय थांबवायची, कुणीही यायचं नसलं तरी. शाळेचा ड्रेस कुणाच्याही पोराचा असो, घेराला आत दुमडून चार बोटं जादा कापडाची माया सोडायची.

"पोरं काय इतलीच ऱ्हातीन का?" म्हणायची.

शेजारची प्रज्ञा हे रोज पाहायची. एम.ए. होऊन घरी बसलेली. रत्नाकडे बटणं लावायला यायची. रत्नाची थोरली तिसरीत, धाकटी बालवाडीत.

धाकटीच्या वेळी रत्नाचं दुसऱ्यांदा सिझर झालं होतं. रक्त थांबेना. तेव्हाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता पुन्हा नको, जिवावर बेतेल. तांबी बसवली. ती कधी निसटली, कळलं नाही. पाळी तशीही मागेपुढे व्हायची. कळलं तेव्हा तिसरा महिना सरत आला होता.

"माले हाई लेकरू नको, प्रज्ञा," ती म्हणाली. "माले या दोन्हीस्ना संगे ऱ्हानं शे."

नवरा प्रशील कारखान्यात कंत्राटावर. तो म्हणाला, तुझा जीव आधी. सासूही तेच म्हणाली. घरात कुणाचाच विरोध नव्हता. हे प्रज्ञाला पुढे फार आठवायचं.

हेलपाटा वाचावा म्हणून त्यांनी सोनोग्राफी आधीच करून घेतली. रिपोर्ट चुरगळू नये म्हणून रत्नाने तो पुठ्ठ्यात घातला. धुळ्याच्या बसमध्ये सासू, लिलाबाई, खिडकीशी बसली.

"डॉक्टरना पुढे मी बोलसू," ती म्हणाली. "हाई प्रज्ञा शिकेल शे, पन नुसती पुस्तकंच वाची जाने."

"आनि तू नुसती भांडनं करी जाने, आत्याबाई," रत्ना म्हणाली. तिघी हसल्या.

दवाखाना खासगी होता. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. मग रत्नाकडे पाहिलं.

"सोनोग्राफी कुणी करायला सांगितली?"

"कुणीच नाही. आम्हीच केली," रत्ना म्हणाली.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा उलटून पाहिला. लिलाबाईला वाटलं, यांना दया यावी. ती पुढे सरकली. "साहेब, इले दोन पोरी शेतस. दोन्ही ल्हान. इले काही व्हयनं ते त्यास्ले कोन देखी?"

डॉक्टरांनी रिपोर्ट पुठ्ठ्यासकट परत सरकवला.

"दोन मुली. सोनोग्राफी करून आलात. आणि आता पाडायचंय. मला तुरुंगात बसवता का?"

"तसं नाही हो, डॉक्टर," प्रज्ञा म्हणाली. "त्यात मुलगा की मुलगी काही नाही. तिचं ऑपरेशन..."

"सगळे असंच सांगतात, ताई. आमच्या ओळखीच्या एकाचं सोनोग्राफीचं मशीन सील झालं. मी हात लावणार नाही. सरकारी दवाखान्यात जा."

जिन्यावर लिलाबाई विचारत होती, "मी काय वाईट बोलनू व माय?" रत्ना म्हणाली, "काहीच नही, आत्याबाई." आणि तिचा पदर सारखा केला.

सरकारी दवाखान्यात रक्त कमी निघालं. आधी रक्त वाढवा. मग आधीच्या ऑपरेशनचे कागद आणा. तो दवाखाना बंद पडलेला. मग मोठ्या डॉक्टरीणबाई रजेवर. मग समितीपुढे ठेवू. एका डॉक्टरचं मत पुरतं, समिती लागत नाही, असं प्रज्ञाने खिडकीवर सांगितलं. खिडकीतली बाई म्हणाली, "मग त्या डॉक्टरला घेऊन या." दरवेळी रत्ना पुठ्ठा उघडायची, दरवेळी कुणीतरी विचारायचं, आधीच्या मुलीच का?

शेवटी, पाचव्या महिन्यात, एक तरुण डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, आता पाडण्यातही तेवढाच धोका आहे, तुम्ही उशीर केला.

"आपन उशीर कया," बसमध्ये रत्ना म्हणाली. एवढंच.

त्यानंतर ती भराभर शिवू लागली. जूनच्या आधी दोन्ही पोरींचे ड्रेस व्हायला हवेत, म्हणायची. थोरलीचा झाला. धाकटी पहिलीत जाणार होती.

आठव्या महिन्यात, भर दुपारी, तिला मशीनवरच रक्त जायला लागलं. प्रज्ञाने तिला धरलं. रत्ना म्हणाली, "कपड्यावर डाग नको पडू देऊ." अॅम्ब्युलन्स आली. धुळं समोर दिसत होतं तेव्हा लिलाबाईने हाका मारायला सुरुवात केली. रत्ना गेली. लेकरूही गेलं.

भेटायला आलेल्या बायका दारातच विचारायच्या, "पोऱ्या व्हता का पोर?" लिलाबाई भिंतीकडे तोंड करून बसायची. प्रशील बाहेर निघून जायचा. प्रज्ञा पाणी द्यायची.

मशीन कुणी हलवलं नाही. सुईखाली धाकटीचा शाळेचा निळा फ्रॉक तसाच आहे. घेर अर्धा शिवलेला. उरलेल्या अर्ध्यात चार बोटं माया आत दुमडून टाचण्या लावलेल्या.